फ्रीजमधल्या हिरव्या बाटलीतले जिवंत समुद्री शैवल

राजारामपुरीतील एका मत्स्यालयाच्या दुकानात गेल्या उन्हाळ्यापासून जिवंत समुद्री वनस्पती-प्लवकाच्या, म्हणजे समुद्राच्या पाण्यात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांच्या, बाटल्या विक्रीला येऊ लागल्या आहेत. २५० मिलिलिटरची हिरवी बाटली ४०० रुपयांना आणि त्याच मापाची तपकिरी बाटली ४५० रुपयांना मिळते. गेल्या सात महिन्यांत मी दोन्ही मिळून पाच बाटल्या घेतल्या, त्यांतली एक फेकून द्यावी लागली, आणि प्रत्येक बाटली टाकीत ओतण्यापूर्वी तिच्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असल्यामुळे सूक्ष्मदर्शक हाताशी आहे, एवढाच माझा अधिकार. दुकानाचे आणि उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण पहिल्या बाटलीचा जो बोजवारा उडाला त्यात दोष नेमका कोणाचा हे मला ठरवता आलेले नाही. शिवाय कोल्हापुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे आम्ही इतके मोजके आहोत, की ज्याला गरज आहे त्याला हे दुकान शोधायला अर्धा दिवसही लागणार नाही.

आधी ही बाटली कोणासाठी आहे ते सांगितले पाहिजे, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. माझ्याकडे १२० लिटरची टाकी आहे. आरओच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ विरघळवून ती भरलेली आहे. तीत दोन क्लाऊनफिश आहेत, आणि त्यांना या शैवलाचा थेट काहीही उपयोग नाही. ते मांसाचे बारीक दाणे खातात आणि हिरव्या पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. उपयोग होतो तो पाणी गाळून खाणाऱ्यांना: काचेच्या कोपऱ्यात नळी बांधून बसलेल्या, डोक्यावर पिसांचा तुरा मिरवणाऱ्या कृमींना, आणि दगडांच्या फटींतून फिरणाऱ्या कोपेपॉड नावाच्या, खसखशीच्या दाण्याहून लहान कवचधारी जीवांना. शैवलाला कोपेपॉड खातो आणि कोपेपॉडला मासा खातो. समुद्रातही हीच साखळी आहे, फक्त ती तिथे बांगड्या-तारलीपर्यंत आणि पुढे सुरमईपर्यंत जाते. ज्यांच्या टाकीत केवळ मासे आहेत त्यांनी ४०० रुपये वाचवावेत.

पहिली हिरवी बाटली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घेतली. ती किनाऱ्यावरून घाट चढून आलेली होती आणि दुकानदाराच्याच सांगण्याप्रमाणे पार्सल दिवसभर कुठेतरी उन्हात पडून होते. रंग हिरवा होता, पण त्यात पिवळट झाक होती आणि तळाशी चिखलासारखा थर बसला होता. हलवल्यावर तो थर मिसळला नाही, त्याच्या चिंध्या होऊन तरंगू लागल्या. झाकण उघडताच सडक्या अंड्याचा वास आला. तरीही मी एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि ४०० पट वर्धनाखाली पाहिला. पेशींची कवचे होती, आत हरितद्रव्य विस्कटून पसरलेले होते, आणि त्या प्रेतांमधून जिवाणूंची मात्र नुसती झुंबड चालली होती. असे पाणी टाकीत ओतणे म्हणजे खत ओतणे होय, कारण पेशी कुजताना आतला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो आणि मासे गुदमरतात. दुकानदाराने बाटली बदलून दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. ‘सर, रंग तर हिरवाच आहे की,’ असे म्हणत का होईना, पण दिली. रंगावरून जिवंतपणा ठरत नाही ही गोष्ट मात्र त्याला पटलेली दिसली नाही.

दुसरी बाटली जूनच्या अखेरीस थर्माकोलच्या खोक्यातून, बर्फाच्या पिशवीसह आली आणि ती उत्तम निघाली. उघडल्यावर जो वास येतो तो किनाऱ्यावरच्या वाऱ्याचा. त्या वासाचा एक मोठा भाग डायमिथिल सल्फाइड नावाच्या वायूचा असतो. अनेक सागरी शैवले क्षाराचा तोल सांभाळण्यासाठी पेशीत एक गंधकयुक्त पदार्थ साठवतात, आणि पेशी फुटली किंवा कोणी ती खाल्ली की त्यापासून हा वायू तयार होतो. तोच वायू हवेत गेल्यावर त्याचे बारीक कण बनतात आणि त्यांवर ढगांचे थेंब धरतात. मालवणच्या किनाऱ्यावर उतरताच ज्याला आपण ‘समुद्राचा वास’ म्हणतो, तो असा निम्मा या शैवलांचाच असतो हे मुलांना सांगताना मला दरवर्षी मजा वाटते.

थेंबात दोन प्रकारचे जीव स्पष्ट दिसले. एक नॅनोक्लोरोप्सिस; दोन ते चार मायक्रॉनचे गोल हिरवे ठिपके, जागच्या जागी थरथरणारे. ही थरथर त्यांच्या स्वतःच्या हालचालीची नव्हे, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांची असते, म्हणून तिच्यावरून ते जिवंत आहेत असे समजू नये. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला तर या पेशी त्याच्या रुंदीत वीस-पंचवीस सहज मावतील. दुसरा जीव टेट्रासेल्मिस, आणि बाटलीची खरी किंमत त्याच्यामुळे वसूल होते. दहा-बारा मायक्रॉनची, किंचित चपटी, तांदळाच्या कणीसारखी हिरवी पेशी, पुढच्या टोकाच्या खाचेतून निघालेल्या चार कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे चाबकासारखे धागे, आणि बाजूला उजेडाची दिशा ओळखायला मदत करणारा एक नारिंगी-तांबडा ठिपका. ती सरळ रेषेत झपाट्याने जाते, थबकते, वळते आणि पुन्हा निघते. दृष्टिक्षेत्रात एकाच वेळी अशा तीस-चाळीस पेशी धावू लागल्या की काचपट्टीवर नजर ठरत नाही. माझ्या मुलीने पाहून ‘बाबा, यांना कुठे जायचंय?’ असे विचारले, आणि त्या तांबड्या ठिपक्यामुळे त्याचे उत्तरही देता आले: उजेडाकडे.

हे सूक्ष्मदर्शकाशिवायही पाहता येते, आणि बाटली ताजी आहे की नाही हे ठरवण्याची घरगुती पद्धत म्हणून मी ती प्रत्येकाला सुचवतो. थोडे हिरवे पाणी काचेच्या पारदर्शक पेल्यात घ्यावे, पेल्याला काळा कागद गुंडाळून त्यात बोटभर उभी चीर ठेवावी आणि चिरेसमोर टॉर्च लावावा. टेट्रासेल्मिस जिवंत असेल तर तासाभराने कागद काढल्यावर चिरेच्या जागी गडद हिरवी पट्टी जमलेली दिसते. नॅनोक्लोरोप्सिसला कशाभिका नसल्यामुळे तो या परीक्षेला बसतच नाही. तेव्हा केवळ त्याची बाटली असेल तर वास आणि तळाचा थर यांवरच भिस्त ठेवावी लागते.

एका मित्राच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतून रक्तपेशी मोजण्याची काचपट्टी, म्हणजे हिमोसायटोमीटर, आणून मी टेट्रासेल्मिसची मोजणीही केली. या पट्टीवरच्या एक मिलिमीटर बाजूच्या चौकोनावर पाण्याची खोली फक्त ०.१ मिलिमीटर असते, त्यामुळे एका चौकोनात मोजलेल्या पेशींना दहा हजारांनी गुणले की मिलिलिटरमधली संख्या मिळते. माझ्या बाटलीत चौकोनामागे सरासरी ६० पेशी आल्या, म्हणजे मिलिलिटरला सहा लाख. लेबलावर ‘अतिघन’ असे छापलेले आहे. किती घन ते छापलेले नाही.

लेबलावरचा दुसरा दावा जास्त खटकतो. ‘टाकीतील ऑक्सिजन वाढवते’ असे तेथे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे, आणि दुकानदार त्यावर ‘जगातला अर्धा ऑक्सिजन हेच बनवतं’ अशी फोडणी घालतो. त्या वाक्यात तथ्य आहे. पृथ्वीवर दरवर्षी प्रकाशसंश्लेषणातून जेवढा कार्बन बांधला जातो त्यातला जवळपास निम्मा समुद्रातील या तरंगत्या जीवांकडून बांधला जातो, आणि तोही त्यांचे एकूण वस्तुमान पृथ्वीवरच्या सर्व हिरव्या वनस्पतींच्या वस्तुमानाच्या एक टक्क्याहूनही कमी असताना. हे शक्य होते ते त्यांच्या वेगामुळे. वडाचे झाड शंभर वर्षे खोड साठवत बसते. इथे पेशी दिवसाकाठी एकदा दुभंगते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पोटात जाते, त्यामुळे समुद्रातला हा सगळा हिरवा साठा साधारण आठवड्याभरात नवा होतो. पण त्यांनी सोडलेला ऑक्सिजन बहुतांशी समुद्रातच श्वसनात आणि कुजण्यात परत खर्च होतो. हवेतला आजचा साठा जमला तो कोट्यवधी वर्षांत, मृत पेशींचा अगदी थोडा भाग न कुजता तळाच्या गाळात गाडला गेल्यामुळे. आता हे फ्रीजमधल्या बाटलीला लावून पाहा: अंधारात शैवल ऑक्सिजन बनवत नाही, इतर सर्व जीवांसारखे तेही श्वास घेते. रात्री दिवे मालवल्यावर अर्धी बाटली टाकीत ओतणाऱ्याचे मासे सकाळी पृष्ठभागावर तोंड काढून दिसले तर त्याने लेबलाला दोष द्यावा. मी रोज सकाळी दिवा लावल्यावर पाच मिलिलिटर घालतो आणि दोन तास स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून वेगळी काढणारे यंत्र, बंद ठेवतो, कारण स्किमर चालू असेल तर तो हे महागडे खाद्य फेसाबरोबर बाहेर काढून टाकतो.

तपकिरी बाटलीविषयी मला अधिक लिहावेसे वाटते. तिचा रंग पातळ केलेल्या काकवीसारखा आहे. हरितद्रव्यावर फ्युकोझँथिन या पिंगट रंगद्रव्याचे आवरण चढल्यामुळे तो तसा दिसतो. आत कीटोसेरॉस हा डायटम, म्हणजे कवचधारी एकपेशीय शैवल, आहे, जो कोळंबीच्या बीजनिर्मिती केंद्रांत पिल्लांचे पहिले अन्न म्हणून वापरतात. भिंगाखाली तो एका चिमुकल्या चौकोनी डबीसारखा दिसतो आणि तिच्या चारही कोपऱ्यांतून लांब, बाकदार केसर निघालेले असतात. मराठी विश्वकोशाने डायटमसाठी ‘करंडक वनस्पती’ हा शब्द योजला आहे आणि त्याहून चपखल शब्द मला इंग्रजीतही आढळलेला नाही, कारण डायटमचे कवच खरोखरच कुंकवाच्या करंड्यासारखे दोन भागांचे असते: एक झाकण, आणि त्यात बरोबर बसणारा किंचित लहान तळ. हे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीचे असते. पेशी विभागते तेव्हा एका लेकीच्या वाट्याला झाकण येते आणि दुसरीच्या वाट्याला तळ; पण दोघीही मिळालेल्या भागाला झाकणच मानतात आणि त्याच्या आत बसेल असा नवा तळ घडवतात. परिणामी तळ मिळालेली लेक आईपेक्षा थोडी लहान होते, तिची एक लेक आणखी लहान, आणि बहुतेक जातींत असे पिढ्यान्‌पिढ्या आकार घटत जातो. शेवटी एका मर्यादेला पोचल्यावर पेशी लैंगिक पुनरुत्पादनाकडे वळतात, जुनी कवचे टाकून देतात, आणि जन्मलेली नवी पेशी फुगून मूळच्या आकाराचा करंडा पुन्हा घडवते.

ही काच डायटम आणतो कुठून, हा प्रश्न कोल्हापूरकराला परका वाटू नये. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट पावसाने झिजतो तेव्हा त्यातली सिलिका विरघळून नद्यांत उतरते. पंचगंगेतून ती नरसोबावाडीला कृष्णेत जाते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावरची सिलिका कोकणातल्या नद्यांतून थेट अरबी समुद्रात पोचते. वाटेत तीच सिलिका आपला ऊसही शोषून घेतो, म्हणून उसाचा पाला हाताला कापतो. नवीन टाकीच्या काचेवर पहिल्या महिन्यात जो तपकिरी साका धरतो तोही डायटमचाच, आणि तो धरण्याचे कारण नळाच्या पाण्यात विरघळलेली हीच सिलिका असते. आरओचे पाणी वापरले की तो पुष्कळ कमी होतो. धरणांच्या साठलेल्या पाण्यात गोड्या पाण्यातले डायटम ही सिलिका वापरून तळाशी बसवतात, त्यामुळे समुद्रापर्यंत ती कमी पोचते, उलट शेतातल्या खतांचा नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र भरपूर पोचतो. मग नदीमुखाजवळ करंडा घडवायला काच उरत नाही, डायटम मागे पडतात आणि काच न लागणारी कशाभिकाधारी शैवले फोफावतात, ज्यांतल्या काही जाती विषारी असतात. रंकाळ्याच्या पाण्यावर येणारा हिरवा तवंग याहून वेगळा, तो गोड्या पाण्यातल्या सायनोबॅक्टेरियांचा. पण अन्नद्रव्यांचा अतिरेक हे कारण दोन्हीकडे सारखेच आहे.

वापराच्या सूचनांत ‘रोज हलवावे’ ही एकच सूचना अगदी बरोबर आहे. डायटमचे काचेचे कवच पाण्यापेक्षा जड असल्यामुळे न हलवलेल्या तपकिरी बाटलीत दोन दिवसांत तळाशी थर बसतो आणि खालच्या पेशी घुसमटून मरतात. समुद्रात हे हलवण्याचे काम वारा करतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत, तसेच आपल्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत, खालचे थंड, नायट्रेटने भरलेले पाणी वर आणतात. त्या पाण्यात डायटमचा बहर येतो आणि तारली व बांगड्याचे थवे त्याच्या मागे येतात. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्रात हे शेत उभे राहत असते. बुडणाऱ्या डायटमांनाही मोल आहे, कारण ते वरचा कार्बन खोल पाण्यात घेऊन जातात. २००९ साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण महासागरात लोह टाकून शैवलांचा बहर मुद्दाम घडवून पाहिला होता. बहर आला, पण त्या पाण्यात सिलिका अगदी थोडी असल्यामुळे डायटम वाढले नाहीत. जी वाढली ती मऊ शैवले प्राणी-प्लवकांनी फस्त केली आणि कार्बन फारसा खाली गेलाच नाही. लोखंड घालून हवामान सुधारता येईल या आशेला त्या प्रयोगाने चांगलाच धक्का दिला. माझ्या तपकिरी बाटलीच्या तळाचा थर पाहताना मला तो प्रयोग दर वेळी आठवतो.

बाटली संपण्यापूर्वी घरी विरजण लावून पाहावे, असा मोह मलाही झाला. एफ/२ हे या कामाचे जगभर चालणारे पोषक द्रावण गिलार्ड आणि रायथर यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या सूत्राच्या निम्म्या तीव्रतेचे असते: नायट्रेट, फॉस्फेट, लोह, सूक्ष्म धातू, तीन जीवनसत्त्वे आणि डायटमसाठी वेगळे सिलिकेट. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत खारे पाणी, हे द्रावण, वर ट्यूबलाइट आणि आत हवेच्या पंपाची नळी अशी मांडणी केली. फिकट पोपटी पाणी आठव्या दिवशी गडद हिरवे झाले, अकराव्या दिवशी सकाळी पारदर्शक. भिंगाखाली कारण कळले: बाटलीतून आलेले सिलिएट, म्हणजे अंगभर रोमिका असलेले एकपेशीय भक्षक, मनसोक्त चरत होते आणि प्रत्येकाच्या पोटात चार-पाच हिरवे दाणे दिसत होते. उत्पादक ज्या ‘शुद्ध संवर्धना’ची जाहिरात करतो त्यात सिलिएट नसायला हवेत, म्हणून हा दोष मी उत्पादकाच्याच खात्यावर मांडतो. टाकीला त्याने अपाय होत नाही, कोपेपॉड सिलिएटही आवडीने खातात. पण घरी वाढवण्यासाठी कोणी ही बाटली घेणार असेल तर त्याने विचार करावा.

बाकीच्या तक्रारी लहान पण रास्त आहेत. हिरव्या बाटलीवर जातींची नावे नाहीत, ‘मिश्र शैवल’ एवढेच आहे. भरल्याची तारीख नाही आणि मुदत मात्र दोन्ही बाटल्यांना सरसकट सहा महिने दिलेली आहे, जे तपकिरीच्या बाबतीत अवास्तव आहे: माझी हिरवी बाटली नवव्या आठवड्यातही धावत होती, तपकिरी पाचव्या आठवड्यात फुटक्या करंड्यांची झाली. पोषक द्रावणातले उरलेले नायट्रेट टाकीत जाते हेही कुठे लिहिलेले नाही. महिनाभर रोज पाच मिलिलिटर घातल्यावर माझ्या चाचणीसंचात नायट्रेट स्पष्ट वाढलेले दिसले आणि पाणी बदलण्याचे वेळापत्रक मला पंधरा दिवसांवरून दहा दिवसांवर आणावे लागले. घरचा प्रश्न वेगळाच होता. फ्रीजच्या दारात सोलकढीशेजारी ठेवलेली हिरवी बाटली माझ्या आईने कोथिंबिरीची पातळ चटणी समजून वाटीत काढली होती. खारट लागली असती, पण बाधली नसती. आता तिच्यावर आईच्याच अक्षरांत ‘माशांचे’ अशी चिठ्ठी आहे.

इतके असूनही मी सहावी बाटली घेणार आहे आणि ती तपकिरीच असेल, कारण गेल्या चार महिन्यांत काचेवरच्या पिसाऱ्याच्या कृमींची संख्या तीनवरून अकरावर गेली आहे आणि रात्री टॉर्च लावला की दगडांवर कोपेपॉडांची वर्दळ दिसते, जी आधी नव्हती. दुकानात पार्सल गुरुवारी संध्याकाळी येते. शुक्रवारी सकाळी जावे, बाटली काउंटरवर मांडलेली न घेता आतल्या फ्रीजमधली मागावी, उजेडासमोर धरून एकदा सावकाश उलटी करावी, आणि तळाचा थर धुरासारखा न उठता चिंधीसारखा सुटला तर ती तिथेच परत द्यावी.